ट्रॉलीमागची सायकल

"थांबा, कुणीतरी पडंल," असं म्हणून आबा सायकलवरून उतरायचे, रस्त्यात पडलेलं उसाचं कांडं उचलायचे आणि कडेच्या चारीत भिरकावून द्यायचे. मग हात पँटीला पुसून पुन्हा सायकलवर टांग.

तुम्ही हंगामाच्या दिवसांत बारामतीहून इंदापूरकडे गेला असाल तर तुम्हाला ठाऊक आहे, त्या रस्त्याला अशी कांडी किती पडलेली असतात. ट्रॉली खड्ड्यात आदळली की दोन-चार कांडी खाली. मोटारवाल्याला त्याचं काही नाही, पण सायकलच्या चाकाखाली कांडं आलं की माणूस आडवा. हे सगळं खरं. पण म्हणून दर कांड्याला उतरायचं? मागून त्यांची हाक आली की आम्ही पुढचे सगळे करकचून ब्रेक दाबायचो आणि एकमेकांवर आदळता आदळता वाचायचो. एकदा मी चिडून म्हणालो, "अहो आबा, हे काम पीडब्ल्यूडीचं आहे."

"व्हय," ते म्हणाले, "पण पीडब्ल्यूडी सायकल कुठं चालवतीया?"

मी कपाळाला हात लावला.

माझं जळोचीत मेडिकलचं दुकान आहे आणि आबा दुकानामागच्या गल्लीत राहायचे. एमआयडीसीतल्या एका दुधाच्या प्लांटमध्ये फिटर होते. नोकरीला लागल्यापासून सायकलवरच कामाला जायचे. गल्लीतल्या सगळ्यांनी मोटारसायकली घेतल्या, काहींनी चारचाकी घेऊन गल्लीचा रस्ताच अडवून टाकला, पण आबांची सायकल काही सुटली नाही. तरुणपणी ते शर्यतीत उतरायचे. कधीतरी जिल्ह्यात पहिले आले होते, त्याचा कप घरात होता. वहिनी त्यात चमचे ठेवायच्या. पाहुण्यांनी कपाबद्दल विचारलं की आबा म्हणायचे, "पयला माझा व्हता. आता चमच्यांचा हाय."

मला साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मी गुडघे पुढे केले. तेवढ्यात आबा दुकानात बाम घ्यायला आले आणि माझ्या हातातली गोळ्यांची पट्टी बघून म्हणाले, "शेठ, गोळ्या इकणारा माणूस गोळ्या खाताना बरा दिसत न्हाय. सायकल घ्या." मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी हा माणूस पहाटे दारात हजर! सोबत कुणाची तरी मागून आणलेली सायकल. माझी बायको उठून बसली आणि मला म्हणाली, "जा आता, नाहीतर ते जायचे नाहीत."

असा मी त्यांच्या हाताखाली लागलो. सुरुवातीला ते मला कॅनॉलच्या कडेच्या रस्त्याने न्यायचे, म्हणजे पडलो तर बघायला कुणी नको. "शेठ, गल्ल्यावर बसल्यागत बसू नका. कंबर सैल सोडा." "शेठ, हँडल धरलंय का गिऱ्हाईक धरलंय? ढिला सोडा हात." चढ आला की मी उतरायला बघायचो. ते मागून सावकाश म्हणायचे, "उतरा की. आमी कुणाला सांगत न्हाय." मग कसला उतरतोय मी!

हळूहळू आमची टोळी जमली. एक डॉक्टर, कॉलेजातले दोघे-तिघे, मी. या लोकांच्या सायकली म्हणजे एका हाताने उचलाव्यात अशा हलक्या. कपडे अंगाला चिकटलेले. तसली चड्डी मी पहिल्यांदा घातली तेव्हा बायकोने पुढचं दार लावून घेतलं आणि म्हणाली, "मागच्या दाराने जा." आबा मात्र आपली प्लांटची खाकी पँट घालून, घोट्याला क्लिप लावून यायचे. साधी, काळी, बिनगिअरची सायकल. आणि तरी सगळ्यांच्या मागे राहायचे ते फक्त आम्हाला राखण म्हणून. पुढे जायचं ठरवलं तर डॉक्टरांची ती परदेशी सायकल त्यांना कुठली गाठते!

पण आबांची खरी तयारी आमच्यासाठी नव्हती. ती होती मनूसाठी.

मनू म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. इंदापूर रस्त्याला एका दवाखान्यात लॅबमध्ये रक्त काढायच्या कामावर होती. माझंही रक्त तीच काढायची. "काका, मूठ आवळा. काका, तिकडं बघा. झालं." सुई कधी टोचली ते कळायचं नाही. कॉलेजात असताना ती विद्यापीठाकडून सायकलच्या शर्यतीत उतरली होती आणि आता राज्याच्या संघात निवड व्हावी म्हणून दोघा बापलेकींचा जिवाचा आटापिटा चालला होता. पहाटे आमच्याबरोबर निघायची, इंदापूर रस्त्याने लांबवर जाऊन परत फिरायची आणि येताना लॅबपाशी उतरायची. तोंड धुऊन, पांढरा कोट चढवून सात वाजता उपाशीपोटी आलेल्या लोकांपुढे सुई घेऊन उभी. कामाला जाणंही तेच आणि सरावही तोच.

वहिनींना हे मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं एकच, पोरीला स्कुटी घ्या. आबा म्हणायचे, "स्कुटीनं मांड्या भरत न्हाईत." वहिनी म्हणायच्या, "मांड्या काय करायच्यात? तिला काय कुस्ती खेळायचीय?" हा वाद मी इतक्यांदा ऐकलाय की दोघांचीही वाक्यं मला पाठ होती. पण वहिनींची भीती साधी नव्हती. त्यांचं माहेर कोऱ्हाळ्याचं, उसातलं. उसाच्या ट्रॉल्यांवर मागून जाऊन गेलेली माणसं त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. एकदा त्या माझ्यासमोर आबांना म्हणाल्या, "मला तिचं बक्षीस नगं. पोरगी सांजच्याला धड घरी आली पायजे. येवढंच मागती मी."

"रस्त्याचं माझ्याकडं लागलं," आबा म्हणाले.

ते त्यांनी तोंडदेखलं म्हटलं नव्हतं. त्या वर्षी पाऊस सरता सरता त्यांच्या डोक्यात रिफ्लेक्टरचं खूळ शिरलं. आदल्या हंगामात आमचे डॉक्टर पहाटे रस्त्यात उभ्या असलेल्या एका ट्रॉलीवर जाता जाता वाचले होते. ना दिवा, ना काही. आबांनी ठरवलं, हंगाम सुरू व्हायच्या आत जेवढ्या ट्रॉल्या सापडतील तेवढ्यांच्या पाठीला लाल-पांढऱ्या चमकत्या पट्ट्या चिकटवायच्या. डॉक्टरांनी पट्ट्यांचं बंडल मागवलं, मी कात्र्या आणि रॉकेल आणलं, आणि एका कारखान्याच्या आवारात जाऊन आम्ही कामाला लागलो. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण सांगून काही उपयोग नाही.

हंगामाआधी त्या आवारात करार करायला आलेल्या रिकाम्या ट्रॉल्यांची ही रांग लागलेली असते. आबा आधी ट्रॉलीचा मागचा फाळका रॉकेलच्या फडक्याने पुसायचे, मग कोरड्या फडक्याने, मग पट्टी लावून तळहाताने दाबत जायचे. पट्टीचे चारी कोपरे कात्रीने गोल करायचे. "टोक ठेवलं की तितनं उचकटतंय," असं आम्हाला बजावायचे. आमचं कापणं त्यांना पसंत पडायचं नाही, मग आम्ही लावलेली पट्टी काढून ते स्वतः लावायचे. दुसऱ्या दिवशी कॉलेजवाले चिडून घरी गेले. आबा रजा टाकून आठवडाभर तिथेच.

शेवटी कारखान्याने छोटासा कार्यक्रम केला. भाषणं झाली, पेढे वाटले, आबांच्या गळ्यात हार घालून फोटो काढला. हार घातलेले आबा इतके अवघडलेले दिसत होते की मनू हसून हसून खाली बसली. दिवस बुडाल्यावर आबांनी वहिनींना मुद्दाम तिथे आणलं. माझ्या सायकलची बॅटरी घेतली आणि ट्रॉल्यांच्या रांगेवर झोत टाकला. सगळी रांग लालभडक पेटली! लांबच्या लांब. वहिनींनी पदर तोंडाला लावला. कितीतरी वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता जीव खाली पडला." त्यानंतर स्कुटीचं नाव त्या घरात निघालं नाही.

पुढचं लिहू नये असं मला वाटतं. पण ते गाळून आबा सांगताच येत नाहीत.

दिवाळी झाली, कारखान्यांचे बॉयलर नुकतेच पेटले होते. आमच्या वाटेला अजून उसाने भरलेली ट्रॉली लागली नव्हती. त्या दिवशी पहाटे धुकं होतं. कॅनॉलला पाणी सुटलं की त्या पट्ट्यात उसातून असं धुकं उठतं की आपलंच पुढचं चाक दिसत नाही. आम्ही परत फिरलो होतो. मनू पुढे, मग आम्ही, शेवटी आबा. रस्त्यात हंगामाचं पहिलंच कांडं पडलेलं होतं. आबा म्हणाले, "थांबा, कुणीतरी पडंल." आम्ही थांबलो. मनू थांबली नाही, कारण तिला थांबायचं नाही असं आबांनीच सांगून ठेवलं होतं. मध्येच थांबलं की दम तुटतो, पाय गार पडतात, म्हणून. तिच्या मागच्या लाल दिव्याचा ठिपका धुक्यात गेला. आबांनी कांडं फेकलं, हात पुसले, आणि आम्ही निघालो.

थोडं पुढे पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती. चाकांना दगड लावून ड्रायव्हर टायर आणायला गेला होता. उसाने काठोकाठ भरलेली ट्रॉली. उसाची टोकं मागे हातभर बाहेर आलेली.

मनू तिथल्या तिथे गेली. डॉक्टर आमच्याबरोबरच होते, पण डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आबांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि आम्हाला म्हणाले, "हिचं हेल्मेट काढा, तिला उकडतंय." आम्ही काढलं. दुसरं काय करणार होतो आम्ही? मी दुकानात रोज माणसांना औषधं देतो, कुणाला काय झालं तर काय द्यायचं हे मला विचारतात. त्या पहाटे मी तिचं हेल्मेट हातात धरून रस्त्यावर नुसता उभा होतो.

दहाव्यानंतर आबांच्या कानावर आलं की ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरने पोलिसांपुढे सांगितलंय, माझ्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर होता. झालं, आबा पेटले. "खोटं बोलतंय त्ये! रिफ्लेक्टर असता तर माझ्या पोरीनं बगितला नसता? आंधळी व्हती का ती?" मला म्हणाले, चला. ट्रॉली पोलीस चौकीच्या मागे उभी करून ठेवली होती, ऊस अजून आतच, वाळून पिवळा पडलेला. ड्रायव्हर तिकडच्याच लिंबाखाली बसला होता, बीडकडचा, तिशीतला. आम्हाला बघून उठून उभा राहिला.

आबा ट्रॉलीच्या मागे गेले. वाढ्यांच्या पानांचा आणि उसाच्या टोकांचा झुबका फाळक्यावरून खाली लोंबत होता, मागचं काहीच दिसत नव्हतं. आबांनी वाकून दोन्ही हातांनी तो झुबका वर उचलला. त्याखाली लाल-पांढरी पट्टी होती. स्वच्छ पुसून, दाबून लावलेली. चारी कोपरे गोल.

अहो, आम्ही या तालुक्यात जन्माला आलो. भरलेल्या ट्रॉल्या बघण्यात जन्म गेला आमचा. ऊस ट्रॉलीच्या बाहेर येतो, मागे लोंबतो, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. डॉक्टरांना ठाऊक होतं, कारखान्याच्या लोकांना ठाऊक होतं, भाषण करणाऱ्याला ठाऊक होतं. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून रिकाम्या ट्रॉल्यांना पट्ट्या लावल्या, रिकाम्या ट्रॉल्यांवर बॅटरी मारली आणि पेढे खाल्ले. एकाच्याही डोक्यात आलं नाही की या भरल्यावर काय होईल.

आबांनी तो झुबका सोडला. पट्टी पुन्हा झाकली गेली. ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "बाबा, पट्टी होती ना हो?"

"व्हती," आबा म्हणाले. "मीच लावल्याली हाय." आणि त्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. त्याला हुंदका आला. आबांना आला नाही.

त्यानंतर त्यांनी जे सुरू केलं ते मला बघवत नसे. भेटेल त्याला सांगायचे, पट्टी होती, मीच लावली होती, उसाखाली गेली. प्लांटमध्ये सांगितलं, गल्लीत सांगितलं, भेटायला येणाऱ्यांना चहा द्यायच्या आधी सांगितलं. लोक काय म्हणणार? "आबा, तुमचा काय दोष? नशिबात होतं." की आबा खवळायचे. "नशिबाचं काय काढता? तितं मी रॉकेलनं पुसून पट्टी लावलीया, नशिबानं न्हाय." हळूहळू लोक त्यांना टाळायला लागले. खरं सांगू का, ते दुकानात येताना दिसले की मीही कपाटामागे औषधं शोधायला जायचो.

एकदा वहिनी दुकानात आल्या. झोपेच्या गोळ्या मागितल्या, आबांसाठी. मी विचारलं, कसे आहेत? वहिनी काउंटरला हात टेकून म्हणाल्या, "मला सारखं म्हणत्यात, तू मला बोल. शिव्या दे. तू बोलली की मला झोप लागंल. भाऊ, मी काय बोलू? मी तितं हुबी राहून म्हणाले ना, जीव खाली पडला म्हणून. मी कुणाला बोलू?" मी गोळ्या दिल्या. दुसरं माझ्या दुकानात काही नव्हतं.

आबांनी नोकरी सोडली. आमची टोळी मोडली. डॉक्टरांनी घरातच चालायचं मशीन घेतलं, कॉलेजवाले मैदानात गोल गोल फिरायला लागले. माझी सायकल जिन्याखाली गेली.

पुढच्या हंगामाआधी कारखान्याचं बोलावणं आलं, पुन्हा पट्ट्या लावायचा कार्यक्रम आहे, आबांच्या हस्ते सुरुवात करायची आहे. मला वाटलं, आता हा माणूस त्यांच्या अंगावर जाईल. पण आबा गेले. हार घालू दिला नाही. माइक हातात घेऊन म्हणाले, फाळक्याला लावू नका, पट्टी दोरीला बांधा आणि ऊस भरल्यावर शेवटच्या मोळीला सगळ्यात बाहेर लटकवा. लोकांनी माना हलवल्या. आबांनी घरी बसून दोरीला शिवलेल्या पट्ट्या तयार केल्या आणि ड्रायव्हर लोकांना वाटल्या. पहिल्या खेपेला सगळ्यांनी लटकवल्या. कारखान्यात ऊस खाली करताना दोऱ्या उसाबरोबर आत गेल्या. ज्यांच्या वाचल्या ते दुसऱ्या खेपेला बांधायला विसरले. त्यांना तरी काय म्हणायचं? रात्रंदिवस खेपा. डोळ्याला डोळा नाही. बसल्या जागी झोपणारी माणसं ती, दोरी कधी बांधणार? पाचव्या-सहाव्या दिवशी रस्त्याला एकही पट्टी दिसेना.

मग एक दिवस दूधवाल्याने मला सांगितलं, "तुमचे आबा ट्रॉलीच्या मागं मागं सायकल चालवत्यात."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आबा अंधार असतानाच, इंदापूर रस्त्याला जिथे उसातली कच्ची वाट मिळते त्या फाट्यावर जाऊन उभे राहायचे. उसातून भरलेली ट्रॉली वर रस्त्याला लागली की तिच्या मागे आपली सायकल घालायचे. सायकलच्या मागे मोठा लाल दिवा, पाठीवर चमकती पट्टी शिवलेली. ट्रॅक्टर भरलेला असला की चढाला सायकलच्याच चालीने जातो. ट्रॉली कारखान्याच्या फाटकात शिरेपर्यंत आबा तिच्या मागे. मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसली नाही तरी आबा दिसणार. फाटकातून परत फाट्यावर. मग दुसरी ट्रॉली. उजाडेपर्यंत हेच.

ड्रायव्हर लोक आधी ओरडले. कुणाला वाटलं ऊस ओढून खायला आलाय, कुणाला वाटलं चोर आहे. नंतर म्हणाले, डोकं फिरलंय म्हाताऱ्याचं. नंतर सवय झाली. मुलंबाळं असलेले काही जण फाट्यावर गाडी हळू करायचे आणि आबा मागे लागले की हॉर्न देऊन निघायचे.

आता गल्लीतलं आबांचं घर बंद आहे. हंगाम संपल्यावर वहिनींचे भाऊ आले आणि दोघांना कोऱ्हाळ्याला घेऊन गेले. आबा तिथे काय करतात मला माहीत नाही. मी एकदा फोन केला होता, वहिनींनी उचलला, म्हणाल्या, बसून असत्यात. आबांना फोनवर बोलवू का म्हणाल्या, तर मीच नको म्हणालो. मला आबा आठवतात ते त्या घरातले नाहीत, त्याआधीच्या एका पहाटेचे.

त्या पहाटेच्या आदल्या दिवशी वहिनी मला म्हणाल्या होत्या, "भाऊ, तुमी तेवढं त्यांना घरी आणा. मला आता ह्यांचीबी वाट बघत बसायला लागतंय. माझ्यात तेवढं बळ न्हाय." म्हणून मी जिन्याखालची सायकल काढली, हवा भरली आणि फाट्यावर गेलो. धुकं होतंच. आबा एका ट्रॉलीच्या मागे निघालेच होते. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली. मी त्यांच्या बाजूला सायकल घेतली.

पुढे ट्रॉलीचं धूड, ट्रॅक्टरवर मोठमोठ्याने गाणी लावलेली, उसाची पानं आमच्या तोंडावर येत होती. मागून एखादी मोटारसायकल आली की आबा उजवा हात बाहेर काढून वर-खाली हलवायचे. मोटारसायकल हळू व्हायची, वळसा घालून जायची. आबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी म्हणालो, "आबा, रस्त्याला ढिगाने ट्रॉल्या आहेत. तुम्ही एकटे काय करणार?"

"काय न्हाय हुयाचं."

"मग?"

"मग काय?" ते म्हणाले. "ह्या ट्रॉलीला तर कुणी न्हाय धडकलं."

मी म्हणालो, वहिनी रडतात. ते म्हणाले, "रडू द्या. ती रडती ते बरं हाय." मी म्हणालो, मनूला हे आवडलं असतं का? हे मी बोलायला नको होतं. आबांचा पाय पायडलवर थांबला, सायकल डगमगली. मग त्यांनी पुन्हा पायडल मारलं आणि म्हणाले, "तिला दम तुटू द्यायचा न्हाय असं मी म्हनलो व्हतो, शेठ. नसतं म्हनलो तर थांबली असती. तुमच्यासंगं हुबी राहिली असती. मला हसली असती."

ट्रॉली फाटकात गेली. आम्ही परत फाट्यावर आलो. उजाडायला अजून अवकाश होता. मला वाटलं, आता यांना हाताला धरून घरी न्यावं. थंडीने माझे कान बधिर झाले होते आणि आबांच्या भुवयांवर दवाचे थेंब जमले होते. मी त्यांच्या सायकलच्या हँडलला हात घातला. म्हणालो, "चला. आज बास."

"येक खेप," ते म्हणाले.

तेवढ्यात उसातल्या कच्च्या वाटेने दोन ट्रॅक्टर वर आले, एकामागून एक, दोघांच्या मागे भरलेल्या ट्रॉल्या. आबा सायकलवर टांग टाकून तयार झाले. पहिला ट्रॅक्टर रस्त्याला लागला आणि बारामतीच्या अंगाला वळला. आबांनी पायडलवर पाय ठेवला. तेवढ्यात दुसरा आला आणि इंदापूरच्या अंगाला वळला. दोघांचे कारखाने वेगळे.

आबांनी पायडलवरचा पाय काढून जमिनीवर टेकला. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. पुन्हा पाय पायडलवर ठेवला आणि पुन्हा काढला. दोन्ही ट्रॉल्यांच्या मागे काळोख होता, दिवा नाही, पट्टी नाही, काही नाही. दोन्हीकडच्या गाण्यांचा आवाज लांब लांब जायला लागला. आबांनी माझा दंड धरला. इतका घट्ट धरला की मला दुखलं.

"शेठ," ते म्हणाले, "कुठलीच्या मागं जाऊ?"

मी आधी बारामतीकडे बघितलं, मग इंदापूरकडे.

"सांगा की वो, शेठ. लवकर सांगा. कुठलीच्या मागं जाऊ?"